सप्लायवाल्या बाईंचा सातवा बोर्ड

बेल बाईंनी स्वतःच्या हाताने बनवली होती, त्यामुळे तिच्याबद्दल कुरकुर करायची सोयच उरली नव्हती.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी बाईंच्या सासूबाई न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसले. "आता हळूहळू चालायला लागा," असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी त्यातलं 'हळूहळू' तेवढं ठेवून घेतलं आणि 'चालायला लागा' डॉक्टरांना परत केलं. आतल्या खोलीतल्या पलंगावर त्या जाऊन पडल्या त्या पडल्याच. वॉकर होता, पण त्याच्यावर टॉवेल वाळत. न्हाणीघरापर्यंत जायचं तर बाईंचा खांदा लागे. सुरुवातीला त्या "अगं ए!" अशी हाक मारत. हाक स्वयंपाकघरात पोचली नाही की पाण्याचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत. तिसऱ्या पेल्याला पोचे पडल्यावर बाईंच्या मनात आलं, आपल्या हातात एवढी कला आहे, ती घरच्या माणसाच्या उपयोगी पडू नये का?

आणि त्यांनी बिनतारी बेल केली. एक डबी सासूबाईंच्या उशाशी, तिच्यावर तीन बटणं: एक पाण्याचं, एक न्हाणीघराचं, एक 'लवकर ये'चं. दुसरी डबी बाईंच्या कमरेला. तिन्ही बटणांचे सूर वेगळे, म्हणजे धावत येताना हातात काय घेऊन यायचं ते आधीच कळावं. वीज गेली तरी बेल जाऊ नये म्हणून उशाशी बॅटरी, आणि बॅटरी उतरू नये म्हणून तिच्यामागे बाईंनीच बनवलेला पॉवर सप्लाय. खरं म्हणजे बेलचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला असता तरी पुष्कळ होतं. पण करायचं ते नीट करायचं हा बाईंचा स्वभाव. एरिअलची तार त्यांनी बोट बोट वाढवत नेली, तीन जिने उतरून फाटकाबाहेर गेल्या, आणि रस्त्याच्या वळणावरच्या विजेच्या खांबाशी उभं राहिलं तरी कमर वाजते हे पाहून त्यांनी तिथूनच यजमानांच्या ऑफिसात फोन लावला.

"अहो, खांबापर्यंत येतंय!"

"कोण येतंय?"

"बेल हो! खांबाच्या पुढे दोन पावलं गेलं की बंद. पण खांबापर्यंत अगदी स्वच्छ!"

"छान छान," यजमान म्हणाले. ते विमा कंपनीत होते आणि त्यांना कशाचीही नीट मर्यादा सांगितली की बरं वाटे.

चाचणीसाठी बटण दाबत राहा, असं सासूबाईंना सांगावंही लागलं नव्हतं. त्या आपणहून दाबत होत्या. पहिल्या दिवशी एकेचाळीस वेळा. पुढे बाईंनी मोजणं सोडलं.

सासूबाईंची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी, आणि दिवसाकाठी हजारभर अनोळखी माणसांना "नंबर प्लीज". "एकतीस वर्षं मी सगळ्या गावाच्या घंट्या उचलल्या," त्या म्हणत, "आता माझी एक घंटी कोणी उचलायला नको?" आणि बाई धापा टाकत दारात उभ्या राहिल्या की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून निकाल देत, "अकरा सेकंद. आमच्याकडे पाचाच्या वर गेलं की सुपरवायझर मागे येऊन उभी राहायची."

तर अशा या बाई. वय अठ्ठेचाळीस, मुलगी परगावी नोकरीला, लग्नाआधी आणि लग्नानंतर सहा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात. आधी तांब्याची तार गुंडाळायला आणि मग तपासणी खात्यात. कारखाना बंद पडला, बाई घरी आल्या, पण हाताची खाज काही गेली नाही. त्यांच्याच रस्त्यावर, खांबाच्या अलीकडे, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं एक दुकान होतं. खांबाच्या अलीकडे होतं म्हणूनच बाईंना तिथे जाता येई. दुकानदाराला सगळे काका म्हणत. गावातले हौशी लोक काकांकडे येत आणि प्रत्येकाचं काही ना काही चाललेलं असे. कोणी रेडिओ जुळवी, कोणी झाडांना आपोआप पाणी घालायचं यंत्र करी, एक दाताचे डॉक्टर खेळण्यातली आगगाडी पळवीत. बाई मात्र फक्त पॉवर सप्लाय बनवीत. म्हणून त्यांचं नाव पडलं सप्लायवाल्या बाई.

"बाई, एखादा गाणारा पक्षी बनवा की कधी," काका म्हणत.

"पक्ष्याला पाच व्होल्ट कोण देणार?" बाई विचारत.

बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. हौशी माणसाचं टेबल बघा. एका वस्तूला पाच व्होल्ट हवेत, दुसरीला सव्वातीन आणि वर थोडे, तिसरीला बारा, चौथीला बारा अधिक आणि बारा उणे दोन्ही. मग हा माणूस काय करतो? मेलेल्या फोनांचे चार्जर जमवतो, त्यांच्या वायरी दाताने सोलतो, त्यांना चिमटे लावतो आणि सात चार्जरांच्या गुंत्यात बसून महिनाभर खपून बनवलेल्या यंत्राला चुकीचा चार्जर जोडून अर्ध्या सेकंदात त्याचा धूर करतो. हे सगळं एका तळहाताएवढ्या बोर्डावर मिळालं पाहिजे, कोणी वेडंवाकडं जोडलं तरी बोर्ड टिकला पाहिजे आणि जोडलेली वस्तूही टिकली पाहिजे, असा बाईंचा ध्यास होता. आतापर्यंत सहा बोर्ड झाले होते. चौथा बेलमागे राबत होता. पाचवा धूर सोडून निवर्तला. सहावा चांगला होता, फक्त त्याच्यावर हात ठेवला तर हात भाजे.

आणि एका बुधवारी, दुकानात पाय ठेवून बाईंना दोनच मिनिटं झाली होती तेव्हा, काकांनी ती बातमी सांगितली.

"वाचनालयाच्या माडीवर आपलं हौशी मंडळ आहे ना, त्यांना नव्या सभासदांसाठी एक सप्लायचा बोर्ड ठरवायचाय. आला नवा माणूस की पहिल्यांदा तो बोर्ड बनवायचा, मग पुढचं. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी तीन वाजता सगळ्यांनी आपापले बोर्ड घेऊन यायचंय. मंडळाचे सर बघून निवड करणार. ज्याचा बोर्ड निवडतील त्यानेच तो शिकवायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते पाच."

"त्याने म्हणजे..."

"तुम्ही हो. मी नाव देऊन आलोय."

मंगळवार आणि शुक्रवार. तीन ते पाच. बाईंनी ते शब्द मनात दोनदा उच्चारले. वाचनालय खांबाच्या खूप पलीकडे होतं, बारा मिनिटांच्या चालीवर. जायला बारा, यायला बारा, मध्ये दोन तास. दोन वर्षांत त्या रविवारी सकाळची बाजारातली वीस मिनिटं सोडली तर एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. शिकवणं वगैरे ठीक आहे, पण माडीवरच्या खोलीत एका खुर्चीत सलग दोन तास बसायचं आणि कमर वाजायची नाही, या कल्पनेने त्यांना भोवळ आल्यासारखं झालं.

नेमकी तेव्हा कमर वाजली. न्हाणीघराचा सूर.

"बाई, तुमचा ट्रंककॉल," काका म्हणाले.

सातव्या बोर्डाचं काम जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. ते टेबल दिवसातून चार वेळा आवरावं लागे. बोर्ड घरी करायचा म्हणजे एक कृती आहे: कागदावर झेरॉक्सच्या शाईने नकाशा छापायचा, तो तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वर गरम इस्त्री दाबून धरायची, म्हणजे शाई तांब्याला चिकटते. मग पत्रा तपकिरी द्रावणात बुडवला की शाईखालचं तांबं राहतं आणि बाकीचं विरघळतं. हे ऐकायला सोपं आहे. पण इस्त्री चार मिनिटं न हलता दाबावी लागते. बाईंच्या आयुष्यात सलग चार मिनिटं हा प्रकारच नव्हता. पहिल्या खेपेला दुसऱ्या मिनिटाला पाण्याचा सूर वाजला, इस्त्री सरकली, नकाशातल्या सगळ्या रेषा लोण्यासारख्या पसरल्या. दुसऱ्या खेपेला साडेतीन मिनिटं झाली होती. साडेतीन! आणि 'लवकर ये' वाजलं. बाई इस्त्री टाकून धावल्या.

"काय झालं आई?"

"काही नाही. तू गप्प का आहेस ते बघावं म्हटलं."

बाई परत आल्या. कागद काळा पडला होता. त्यांनी इस्त्री बंद केली. मग इस्त्री, पत्रा, वायरी, चिमटे, डाग द्यायचं सोल्डर, सगळं एका परातीत भरलं आणि आतल्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाशेजारी स्टूल मांडून बसल्या.

"हे काय?"

"तुमच्याजवळ बसलेय. आता बेल वाजवायला नको."

सासूबाईंना हे आवडलं की नाही ते कळेना. बटणावरचं बोट मात्र अस्वस्थ झालं. पण पहिल्यांदाच चार मिनिटं सलग मिळाली, आणि नकाशा असा उमटला की बाईंनी तो सासूबाईंच्या डोळ्यांपुढे नेऊन धरला.

चष्मा चढवून सासूबाईंनी तो तपासला. "हे काय? ही भोकं एवढी जवळ का?"

"इथे लाल वायर, इथे काळी."

"आणि शेजारी?"

"दुसऱ्या व्होल्टेजची लाल."

"चूक," सासूबाई म्हणाल्या. "घाईतल्या माणसाला रंग दिसत नाही, जागा दिसते. आमच्या बोर्डावर एकदा दोन खणांमधलं अंतर कमी केलं, तर त्या आठवड्यात मी एका नवरदेवाला मुलीच्या बापाऐवजी पोलीस ठाणं जोडून दिलं. लांब लांब कर. आणि काळी सगळीकडे डाव्याच हाताला हवी. हाताला सवय लागली पाहिजे, डोक्याला नाही."

ट्रान्सफॉर्मर कारखान्यातल्या साहेबांनी सहा वर्षांत बाईंना इतकी शहाणपणाची गोष्ट सांगितली नव्हती. त्यांनी नकाशा पुन्हा काढला. काळी सगळीकडे डावीकडे. पुढचे चार दिवस दुपारभर त्या खोलीत डाग देण्याचा धूर, ड्रिलची घरघर आणि वरून सूचना. सासूबाई एकदाही खोकल्या नाहीत.

बोर्ड उभा राहिला. चार जागी चार ठरलेले व्होल्टेज, पाचव्या जागी बटण फिरवून हवा तो. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे राखण. कोणी जास्त वीज ओढू लागलं की बोर्ड हात आखडता घेणार. नुसता आखडता नाही, जितकं कोणी जास्त ओढेल तितकं हा उलट कमी कमी देणार. त्यामुळे तो तापणार नाही आणि जळणार तर नाहीच.

"दिवा लावून दाखव," सासूबाई म्हणाल्या. गुरुवारची दुपार होती.

बाईंनी मोटारीतला एक छोटा दिवा जोडला. त्यातली तार विस्तवाच्या टोकासारखी जरा लाल झाली आणि तशीच राहिली. धड पेटेना, धड विझेना.

"बंद पडलं का?"

"बंद नाही पडलं." बाईंनी मीटरचे काटे लावले, आकडा बघितला. "दिवा गार असताना पहिल्या क्षणाला खूप ओढतो. याला वाटलं, कोणीतरी लुबाडतंय. याने हात आखडला. आता दिव्याला पेटण्यापुरती वीज मिळत नाही, म्हणून तो गार. तो गार म्हणून ओढतोय. तो ओढतोय म्हणून हा देत नाही. दोघं अडकलेत."

"किती वेळ असे राहणार?"

"वायर काढेपर्यंत. उद्यापर्यंतसुद्धा."

सासूबाई त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिल्या. "मग काढ ना," त्या जरा करड्या आवाजात म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

चूक कुठे आहे ते बाईंना लगेच दिसलं. बोर्डाला त्यांनी फार जपलं होतं. कोणी जास्त मागितलं तर द्यायचं थांबवू नये, जेवढं झेपतं तेवढं देत राहावं, त्यापुढे नाही. बस. याने बोर्ड तापणार, मग तापू दे, त्याला जाड ॲल्युमिनियमची पट्टी लावू. एक ट्रान्झिस्टर उपटला, दोन रोधक बदलले, सरकत्या खिडकीच्या जुन्या चौकटीतून वीतभर पट्टी करवतीने कापली. शुक्रवारी संध्याकाळी दिवा जोडल्याबरोबर भक्कन पेटला. सासूबाईंनी "हं" केलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला "हं" केल्याची नोंद नव्हती.

आता एकच काम राहिलं होतं, घरातून बाहेर पडायचं.

यजमानांनी शब्द दिला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा, दीडला घरी. "तू अगदी निर्धास्त जा." पाऊण वाजता त्यांचा फोन आला.

"अगं, साहेबांनी धरून ठेवलंय. तपासणी निघालीय अचानक. मी काय म्हणतो, वहिनीला विचार ना!"

वहिनी म्हणजे बाईंच्या मोठ्या जाऊबाई. दोन बस थांब्यांवर राहत. बाईंनी फोन लावला.

"अगं, आले असते गं मी! पण आज नळवाला यायचाय," जाऊबाई कळवळून म्हणाल्या. जाऊबाईंकडे नळवाला गेली दोन वर्षं यायचाच होता. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी तर तो दोनदा यायचा होता.

दोन वाजले. बाई चांगले कपडे करून, पायांत चपला घालून, मांडीवर बोर्डाचा खोका घेऊन बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. आत सासूबाईंचा डोळा लागला होता. अडीच वाजले. बाईंच्या मनात एक विचार आला. तो वाईट होता हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी तो पुरता केला नाही, फक्त उठून दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या. तिसरा मजला, दुसरा, पहिला. फाटक. काकांचं दुकान. कमर गप्प. खांब आला.

खांबाशी बाई थांबल्या.

पुढे रस्ता नेहमीसारखाच होता. एक सायकल गेली, कोणीतरी सतरंजी झटकत होतं. पुढची दोन पावलं टाकली की कमर वाजणार नाही, आणि वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी स्वतः मोजलं होतं. त्या उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. बेल वाजली असती तर निदान राग तरी आला असता. पण ती वाजेचना. वॉकरकडे हात नेताना आई घसरल्या तर? खोका छातीशी धरून बाई पाच मिनिटं खांबाशेजारी उभ्या होत्या, जणू त्यांनाही नगरपालिकेनेच तिथे रोवलं होतं. मग वळल्या. परतताना काकांच्या दुकानात डोकावून एवढंच म्हणाल्या, "सरांना सांगा, मला नाही जमत."

घरी सासूबाई जाग्या होत्या. "गेली नाहीस?"

"नाही."

"का?"

बाईंनी खोका टेबलावर ठेवला. चांगले कपडे बदलायचंही त्यांच्या अंगात उरलं नव्हतं.

साडेचार वाजता दाराची बेल वाजली. साधी, दाराची. बाहेर काका, आणि त्यांच्यामागे तीन जिन्यांनी घामाघूम झालेले एक उंच, टकले गृहस्थ.

"हे मंडळाचे सर," काका म्हणाले. "म्हटलं बाई येत नाहीत तर आपण जाऊ. तिकडचे दोन्ही बोर्ड बघून झाले. एक पेटला आणि दुसरा पेटलाच नाही."

सर पाणी प्यायले, बोर्ड हातात घेतला आणि खिशातून पेचकस काढून लाल-काळ्या दोन्ही टोकांवर आडवा टाकला, म्हणजे सरळ शॉर्टच केलं. काकांनी डोळे मिटले. बोर्ड तापला, पण जागचा हलला नाही. पेचकस काढल्याबरोबर आकडा जिथल्या तिथे आला. मग सरांनी एक छोटी मोटर जोडली. ती गरगरली. मग वायरी उलट्या जोडल्या, मग सुलट, मग घाईघाईने, न बघता.

"काळी सगळीकडे डावीकडे आहे," ते चकित होऊन म्हणाले. "मॅडम, मी वीस वर्षं शिकवतोय. हे कोणाला सुचलं नाही."

"ते आमच्या आईंचं," बाई म्हणाल्या.

"ठरला," सर म्हणाले. "हाच बोर्ड. आणि शिकवायचं तुम्हीच."

बाईंच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते येता येताच सरांनी हात वर केला. "तुमची अडचण मला काकांनी सांगितलीय. अजिबात काळजी करू नका. तुम्ही कुठे यायचंच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्हीच इथे येतो! बाराच तर माणसं आहेत. ही खोली झकास आहे."

"वा!" काका म्हणाले. "प्रश्नच मिटला!"

नेमके त्याच वेळी यजमान दारात आले. त्यांना सगळं सांगितलं गेलं. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, किती छान! घरबसल्या!"

बाई हसल्या. लोक फोटोत हसतात तसं. मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते पाच, याच खोलीत. बारा माणसांचा चहा. मध्ये कमर वाजणार, "एक मिनिट हं" म्हणून आत जायचं, परत यायचं, बारा माणसं तोवर छताकडे बघणार. जिंकून आणखी आत कोंडलं जाण्याची ही तऱ्हा त्यांना नवीन होती. पण समोर तिघं चांगली माणसं उभी होती, तिघांनाही आपण मदत करतोय असं मनापासून वाटत होतं, आणि चांगल्या माणसांना नाही कसं म्हणायचं ते बाईंना कधीच जमलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "चालेल."

कमर वाजली. 'लवकर ये'.

बाई आत धावल्या, मागे यजमान, त्यांच्यामागे काय झालं म्हणून काका आणि सर.

सासूबाई उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. "कोण बारा माणसं?"

"आई, अगं हिचा वर्ग..." यजमान सुरुवात करू लागले.

"ऐकलंय मी. कान गेलेले नाहीत माझे. माझ्या घरात बारा माणसांच्या चपला नकोत. चालणार नाही."

"पण आई, तिचं भलं होतंय..."

"मग ते तिकडे होऊ दे. वाचनालयात. मला तो डाग देण्याचा धूर सोसत नाही. खोकला येतो." सासूबाई खोकल्या. फार चांगलं जमलं नाही.

"अगं पण ती तिकडे गेली तर तुझ्याजवळ कोण?"

"तू."

"मी?"

"मंगळवारी तू. तुझ्या साहेबाला म्हणावं, आईचं हाड मोडलंय, तपासायचं तर ते येऊन तपासा. शुक्रवारी थोरली. तिचा नळवाला येणार असेल तर त्याला इकडेच घेऊन ये म्हणावं, आमचाही नळ गळतोय. आणि ती कमरेची डबी इथेच ठेवून जायची. जो घरात असेल त्याच्या कमरेला."

यजमानांनी बायकोकडे बघितलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं नाही. सर फार शहाणे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मग मंगळवारी तीन वाजता, मॅडम, माडीवर," आणि काकांचं कोपर धरून जिन्याकडे गेले.

यजमान त्यांना पोचवायला खाली गेले. खोलीत दोघीच राहिल्या. बाईंनी पलंगावरची चादर सारखी केली, मुळात ती सारखीच होती.

"तुम्हाला खरंच खोकला येतो?" त्यांनी विचारलं.

"पाच वाजता सुटतो ना वर्ग?" सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बारा मिनिटांची वाट. सव्वापाचला घरात पाहिजेस."

बाई "हो" म्हणणार होत्या. तो शब्द ओठांवर आलासुद्धा.

"साडेपाच," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मान वळवली. इतक्या वर्षांत सूनबाईंनी त्यांच्याशी घासाघीस केलेली त्यांना आठवत नव्हती. "कशाला साडेपाच? तीन मिनिटं दिलीच आहेत वर."

"असंच."

"पाच वीस."

"साडेपाच, आई."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, सूनबाईंच्या पायांतल्या चपलांकडे एकदा. त्या दुपारपासून पायांतून निघाल्या नव्हत्या.

"बरं, साडेपाच," त्या म्हणाल्या. "आणि पाच एकतीस झाले तर मी माझा वॉकर घेऊन जिन्यात येऊन उभी राहीन. मग मला चालता येतं ते सगळ्यांना कळेल."